गुरुपाद पेंटरनं रंगवलेली पृथ्वी

आज सोमवार. वैजनाथाचं दर्शन करून आले, आप्पांची लिंगपूजा आटोपल्यावर त्यांना चहा दिला आणि वही उघडली. रोज मी चार ओळी लिहिते, देवाच्या नाहीतर घरातल्या. आज जास्त लिहीन, कारण या महिन्यात माझ्या वडिलांचं जे झालं ते विसरायचं नाही.

वडील म्हणजे गुरुपाद आप्पा, मूळचे दिंद्रुडचे. भाऊबंद कापडाच्या, किराण्याच्या दुकानात बसले. आप्पांनी ब्रश धरला. दुकानांच्या पाट्या, ट्रॉल्या, निवडणुकीच्या भिंती, सगळं केलं. पण नाव झालं ते शाळेच्या भिंतीवरच्या जगाच्या नकाशांनी. माजलगावपासून बीडच्या पुढंपर्यंत तीस-बत्तीस शाळांत त्यांनी जग काढलं.

एका गुरुजींनी दिलेला जुना कापडी नकाशा होता, त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखलेल्या. भिंतीवर नीळ लावलेला दोरा ताणून टिचकी मारायची की सरळ निळी रेघ उठायची. दोऱ्याचं दुसरं टोक माझ्या हातात. मग नकाशाच्या एका चौकटीत जेवढं दिसेल तेवढंच भिंतीच्या चौकटीत काढायचं. एका शाळेत भिंतीच्या कडेला खिडकी आली, तर आप्पांनी ती बरोबर प्रशांत महासागरात घेतली. पोरं त्या महासागरातून एकमेकांना खडू द्यायची.

नकाशात अगदी वर ग्रीनलँड. पांढराशुभ्र, जवळजवळ आफ्रिकेएवढा. मी सात-आठ वर्षांची असेन. पांढरा रंग भरायचं काम माझ्याकडं, कारण तिथं चुकण्यासारखं काही नव्हतं. भरता भरता हात दुखून यायचा. जगात एवढा मोठा देश दुसरा नाही, आणि आपण खाली कुठंतरी लहानसे, त्रिकोणी, असं मनात पक्कं बसलं. पुढं लग्न होऊन परळीला आले, लेकरं झाली, टीव्हीवर देशोदेशीच्या बातम्या ऐकल्या. तरी डोळे मिटले की जग त्या भिंतीवरचंच दिसायचं, ऑइल पेंटच्या वासासकट.

आई गेल्यापासून आप्पा माझ्याकडंच असतात. वय अठ्ठ्याहत्तर. माझी लेक ईश्वरी यंदा शिक्षिका म्हणून लागली, ती नेमकी दिंद्रुडजवळच्या एका वाडीवर. तिथं आप्पांचा नकाशा अजून शाबूत आहे. एका रविवारी ती पृथ्वीचा गोल घेऊनच घरी आली.

"आप्पा, तुमचा ग्रीनलँड लई मोठा झालाय."

"मी न्हाई केला. चौकटीत होता तेवढाच हाय."

"आफ्रिकेत असे चौदा बसतात. आपला भारतच त्याच्या दीडपट हाय."

आप्पा हसले. "नोकरीला महिना न्हाई झाला, अन् आजाला शिकवायलीस व्हय?"

ईश्वरीनं गोल त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा पुसला, बोटाच्या पेरांनी भारत मापला, मग ग्रीनलँड. पुन्हा भारत. हसू हळूहळू गेलं.

"म्हंजे चाळीस वर्षं मी आपल्याच लेकरांना आपला देश ल्हान दाखवला."

मी म्हणाले, "आप्पा, छापील नकाशाच तसा होता. तुमचा काय दोष?"

"भिंतीवर हात माझा होता, बाई."

दोन दिवस ते धड जेवले नाहीत. पूजेला बसले की उठायचे नाहीत. मी ईश्वरीवर चिडले. "राहू द्यायचं होतं की. कोण जायलंय ग्रीनलँडला?"

ती म्हणाली, "आई, पोरं माझ्याशी भांडली. भिंतीवर मोठा हाय म्हणून गोलच खोटा म्हणतेत."

तिसऱ्या दिवशी आप्पांनी आपणहून तिला फोन लावायला सांगितला. फार वर्षांपूर्वी त्यांनी एका मठाचा घुमट निळ्या-पांढऱ्या चौकटींनी रंगवला होता.

"घुमटावर चौकटी वर जाताना निमुळत्या होतेत, माय. शेंड्याला तर नुसत्या फाका. पृथ्वीचंबी तसंच असणार. अन् या नकाशावाल्यानं वरच्या चौकटी खालच्याएवढ्याच रुंद धरल्या. रुंद केलं की चेहरा फेंदारतो, मग उंचीबी ओढली. निवडणुकीच्या भिंतींवर पुढाऱ्यांचे चेहरे मीबी असेच सांभाळायचो."

"बरोबर हाय आप्पा. समुद्रात जहाजाची दिशा चुकू नये म्हणून तसा केलता."

"मग शाळेत कावून लावला? दिंद्रुडात कुठं जहाज हाय?"

त्या दिवशी ते जेवले. पण एक गोष्ट राहिलीच होती. मुख्याध्यापक भिंत पुसून तिथं छापील फ्लेक्स लावू म्हणत होते, आणि ईश्वरीनं भीतभीतच आप्पांना विचारलं. ते म्हणाले, "पुसायला लावू नको. खाली मी लिहितो." गेले आणि दोन तास बसून नकाशाखाली लिहिलं: 'पृथ्वी गोल आहे, भिंत सपाट आहे. म्हणून वरचे देश आहेत त्याहून मोठे दिसतात. भारत ग्रीनलँडपेक्षा मोठा आहे.' एकही अक्षर वाकडं गेलं नाही.

मग म्हणाले, बाकीच्या भिंती राहिल्या. आमच्या यांनी दुकानाचा छोटा टेम्पो दिला. परवा शनिवारी लिंबागणेशच्या गणपतीला नारळ वाहून पुढच्या एका वस्तीवरच्या शाळेत गेलो. भिंत पिवळसर रंगानं सारवल्यासारखी कोरी. आप्पा तिच्यावरून हात फिरवत उभे राहिले.

म्हाळू नावाचा शिपाई बाहेर आला, पन्नाशीचा, केस पिकलेले. नकाशाखाली ओळी लिहायला आलोय, असं मी त्याला सांगितलं. "नकाशा गेला की आप्पा. आठ वर्षं झाली. आता कशाखाली लिहता?"

"तू बघितलाय तो?"

"इथंच शिकलोय मी. रोजच बघायचो."

"मग सांग, भारत मोठा का तो वरचा पांढरा देश?"

"पांढराच की. त्येच्यापुढं आपण कुठं?"

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मीही इतकी वर्षं तेच मानत आले होते. त्यांनी ब्रश परत पिशवीत ठेवला आणि पायरीवर बसले.

"तुझ्या वर्गातले गावात कितीजण हायत, म्हाळू?"

"असतील पाच-सहा."

"बोलाव. भिंत न्हाई, तर तोंडानं सांगतो."

म्हाळूनं खिशातून मोबाइल काढला.