न खोचलेला कोपरा

आमच्या हॉटेलात तिला सगळे घडीमावशी म्हणतात. दुसऱ्या मजल्यावरच्या चौदा खोल्या तिच्याकडे. चादरीचे कोपरे ती इतके कडक खोचते की पाहुण्याला झोपायच्या आधी पलंगाशी कुस्ती खेळावी लागते. एकाने तर तक्रारवहीत तसं लिहिलंही होतं. मी ते मावशीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याचे पाय ढिले आहेत, त्याला मी काय करू?"

मी खाली काउंटरवर बसते. एकोणीस वर्षं झाली. डोंगरावर स्की खेळायला येणाऱ्यांना खोल्या देते, चाव्या घेते, आणि माझी जीभ तिखट आहे असं मॅनेजर म्हणतात. असेल. पण ज्या दोन-तीन वेळा ती खरंच उपयोगाला यायला हवी होती, तेव्हा ती टाळ्याला चिकटून बसली. त्यातली एक वेळ ही.

मावशीचा नवरा लवकर गेला. एकुलत्या एका मुलीला तिने याच चौदा खोल्यांवर वाढवलं, शिकवलं, लांबच्या शहरात पाठवलं. मुलगी तिकडेच रमली. चांगली नोकरी, भला नवरा, दोन पोरी. सगळं दृष्ट लागावं असं, फक्त लांब. वर्षातून एकदा मावशी तिकडे जायची आणि चार दिवसांत परत यायची. तिकडे तिला कोणी कामाला हात लावू देत नाही, म्हणून तिची पाठ दुखायची.

यंदा थंडी ओसरायच्या सुमाराला ती ट्रॉली घेऊन काउंटरपाशी थांबली. एरवी थांबत नाही.

"जावई येतायत," ती म्हणाली. "पोरी येतायत. विहीणबाई, व्याही, सगळे. पाच दिवस स्की खेळायला."

"मग उतरणार कुठे? तुमच्याकडे?"

"ठरवतायत अजून."

"त्यात ठरवायचं काय? बोलवा की घरी."

"बोलावून येतो तो पाहुणा," मावशी म्हणाली. "लेकराने आपणहून यावं."

मावशीचं घर लाँड्रीच्या मागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. एक खोली आणि स्वयंपाकघर. बोलावणार नाही म्हणाली, पण तयारीला लागली. हॉटेलने मोडीत काढलेल्या दोन गाद्या तिने मागून घेतल्या, गच्चीत उन्हात टाकल्या, काठीने बडवल्या. व्याह्यांना पलंग, लेक-जावयाला एक गादी, पोरींना खिडकीपाशी दुसरी. स्वतः ती स्वयंपाकघरात झोपणार होती. "मला काय, चार फूट पुरतात," म्हणायची. गरम पाणी यायला नळ पाच मिनिटं सोडावा लागतो, तर तेवढ्या वेळात पोरींशी काय बोलायचं, हेसुद्धा तिने ठरवून ठेवलं होतं.

एकदा चादरी मोजून घेता घेता म्हणाली, "हिला लहानपणापासून डावा पाय पांघरुणाबाहेर लागतो. खोचलं की भोकाड पसरायची. मी आख्ख्या जगाचे कोपरे खोचते, हिचा डावा तेवढा मोकळा."

आठवड्याभरात फोन आला. वसंतातल्या त्याच पाच दिवसांसाठी चार मोठे, दोन लहान. नाव ऐकलं आणि मी ओळखलं. मावशीची मुलगी! मी ओळख दाखवली नाही. मनात म्हटलं, इथे जागा नाही मिळाली तर जाईल कुठे? आईकडेच जाईल.

"सगळं भरलंय हो," मी ठोकून दिलं.

"अरेरे. मग खालच्या गावातलं बघावं लागेल. तिथून रोज गाडीने तासभर, पण काय करणार."

करायला गेले एक आणि होत होतं भलतंच. खालच्या गावात उतरले तर मावशीला पोरी दिसायच्याही नाहीत. "थांबा, थांबा," मी म्हटलं, "आत्ताच एक बुकिंग रद्द झालेलं दिसतंय." रजिस्टरची पानं उगाच मोठ्याने उलटली.

"बरं झालं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "एक विनंती होती. दुसरा मजला नको. तिथे माझी आई काम करते."

"मग आईकडेच का नाही राहत?" एवढं मात्र माझ्या तोंडून निघालं.

"घर बघितलंय का तुम्ही तिचं? ती पलंग आम्हाला देईल आणि आपण फरशीवर झोपेल. सासूबाईंसमोर. मला नाही बघवणार. आणि हॉटेलात आमची अंथरुणं तिने काढायची, तेही नको. तिला सांगू नका, मी सांगते."

लाज होती की माया, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक तिलाही कळलं नसावं. मी तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या लिहून टाकल्या.

ती काही सांगेना. आणि मावशी रोज सकाळी ट्रॉली थांबवून विचारायची, "काय गं, त्या आठवड्यात गर्दी आहे का?" तिचा हिशेब सरळ होता. हॉटेल भरलं की लेक घरी. मी म्हणायची, "भरतंय." ती खुश होऊन जायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. एवढी तोंडाळ मी, पण मूग गिळून बसले.

यायला तीन दिवस उरले तेव्हा मावशी आली. ट्रॉली नव्हती.

"इथेच उतरतायत," ती म्हणाली. "विहीणबाईंना जिने चढवत नाहीत. इथे लिफ्ट आहे. बरोबरच आहे." मग माझ्याकडे बघून, "तुला ठाऊक होतं?"

मी मान डोलावली.

"बरं केलंस सांगितलं नाहीस. नाहीतर रोज येऊन तुझं डोकं खाल्लं असतं मी."

ती रोजच येत होती. त्या क्षणी मला स्वतःचा इतका राग आला की समोरच्या पाहुण्याला मी भलत्याच खोलीची चावी दिली.

तिसऱ्या मजल्यावर काम करणारीचा गुडघा धरला होता. मावशीने तिच्याशी पाच दिवसांपुरता मजला बदलून घेतला आणि मला म्हणाली, "कागदावर कर, बोलू नकोस." मी केलं. वसंतात दुपारनंतर बर्फ मऊ पडतो, म्हणून स्कीवाले नऊच्या आत बाहेर पडतात. मावशी दहाला खोलीत शिरायची. पोरींचे मोजे हीटरवर वाळत टाकायची, अंथरुणं घालायची, बारा वाजता लाँड्रीत उतरायची. एकदाही गाठ पडली नाही. मुलगी समजत होती, आई दुसऱ्या मजल्यावर आहे.

तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे मावशीकडे चहाला गेले. तासभर बसले. चौथ्या दिवशी सकाळी मावशीने मला ते हसत हसत सांगितलं. धाकटी गादीवर उड्या मारत होती. म्हणाली, "आजी, ह्या गाद्या कोणाच्या?"

"पाहुण्यांच्या," मावशी म्हणाली.

"मग पाहुणे कधी येणार?"

"मुलं काय काय विचारतात बाई," मावशी म्हणाली आणि हसतच राहिली. मला हसू आलं नाही.

त्याच दिवशी एकच्या सुमाराला जावई स्कीचे बूट आपटत काउंटरवर आले. माणूस सज्जन. "छोटीशी गोष्ट आहे," ते म्हणाले. "आमची खोली आवरणारी बाई एक कोपरा रोज विसरते. बाकी पलंग एकदम कडक, फक्त हिच्या बाजूचा डावा कोपरा सुटलेला. ओरडू नका हं तिला, नुसतं कानावर घाला."

त्यांच्या मागे त्यांची बायको हातमोजे काढत उभी होती. एक निघाला होता, दुसरा अर्ध्यावर राहिला.

"तिसऱ्या मजल्यावर कोण असतं?" तिने मला विचारलं.

मी तक्रारवही उघडली, परत बंद केली. "या आठवड्यापुरती बदली आहे," मी म्हटलं. एवढंच सुचलं.

तिने काउंटरची कड धरली. जावई म्हणाले, "अगं, काय झालं?"

"काही नाही. मला तसंच लागतं."

"तसंच? घरी तर सगळं खोचलेलं असतं."

"घरी कोणाला माहीत नाही," ती म्हणाली.

मग तिने मला विचारलं, आई कुठे आहे. मी लाँड्रीकडे बोट दाखवलं. ती दारापर्यंत गेली. आत यंत्रं चालू होती, मावशीची पाठ दाराकडे होती. पोरी भूक लागली म्हणून ओरडत होत्या, सासूबाई लिफ्ट धरून उभ्या होत्या. ती दारातून मागे फिरली. हाक मारावी असं मला फार वाटलं, पण कोणाला मारायची, तेच कळेना.

शेवटच्या दिवशी ते साडेसहालाच निघाले. उशीर केला की रस्त्यात बर्फ वितळून चिखल होतो, असं जावई म्हणाले. मावशीची पाळी आठची. दहाला तिने मला वर बोलावलं. आवाज वेगळा वाटला म्हणून मी काउंटर सोडून गेले.

पलंग आवरलेला होता. उशा सरळ, रजई ताणलेली, चारही कोपरे अगदी मावशीसारखे कडक. डावासुद्धा. कुठे सुरकुती नाही. आईला आपलं अंथरूण काढायला लागू नये, म्हणून पोरगी पहाटे उठून खोचत बसली असणार.

"कामच ठेवलं नाही गं माझ्यासाठी," मावशी म्हणाली.

पण पाहुणे गेले की सगळ्या चादरी काढायच्या, हा नियम. मावशी वाकली आणि डावा कोपरा ओढला. तो निघेना.

"कोणी शिकवलं हिला एवढं घट्ट खोचायला?" ती म्हणाली, आणि दोन्ही हात लावून ओढायला लागली.