दाराजवळची खुर्ची

भाजलेल्या शेंगांचा वास आला की मला लातूरची ती मॅटिनी आठवते. भूकंपाला वर्षही झालं नव्हतं. फिजिक्सच्या शिकवणीला दांडी मारून मी माझ्या लाडक्या दिग्दर्शकाचा नवा सिनेमा बघायला गेलो होतो. त्याच्या सिनेमात खरं काय आणि भास कोणता, हे शेवटपर्यंत कळायचं नाही. त्यासाठीच मी वेडा होतो. मध्यंतरानंतर नायकाच्या खोलीतला दिवा हलू लागला, भांडी खणखणली, आणि "पळा, पळा" म्हणत अख्खं थेटर मैदानात आलं. उन्हात डोळे चोळून बघतो तर शेजारी आमचे फिजिक्सचे सर, एकाच पायात चप्पल! मी वही पाठीमागे लपवली. मग तेच हळूच म्हणाले, "खरंच हाललं का रे, का पिच्चरमधलंच?" "पिच्चरमधलंच, सर. हिरोला भास व्हायलेत." "लई बेक्कार माणूस हाय हा डायरेक्टर," सर कौतुकानं म्हणाले, "चल, पुढं काय होतंय बघू." आत जाऊन त्यांनी दाराजवळची खुर्ची धरली आणि मला शेजारी बसवलं. आजही त्या दिग्दर्शकाचा सिनेमा लागला की मी दाराजवळची दोन तिकिटं काढतो. सर आता थकलेत, पण पडद्यावर दिवा हलला की माझा हात घट्ट धरतात.