स्वयंपाकघराची चोरी

बावन्न घरमालकांचे नकार पचवल्यावर हबतोमला स्टुटगार्टमध्ये दोन खोल्या मिळाल्या. शनिवारी बायको लेतेब्रहान मायदेशाहून, अस्मारातून यायची होती. किल्ली घेऊन तो आत शिरला, तर स्वयंपाकघरात ओटा नाही, शेगडी नाही, नळसुद्धा नाही! त्यानं तडक पोलीस चौकी गाठली.

"साहेब, माझं स्वयंपाकघर चोरीला गेलं!"

हवालदार हसला. "अहो, आधीच्या भाडेकरूनं स्वतःचं स्वयंपाकघर सोबत नेलं. इथली रीतच आहे ती. बल्ब तरी ठेवलेत का?"

"एकही नाही."

"मग माणूस व्यवस्थित होता!"

शनिवारी लेतेब्रहाननं सोबत आणलेल्या शेगडीवर, खिडकी उघडून, कॉफीच्या बिया भाजल्या. हबतोम स्टुलावर चढून नव्या बल्बवर स्वतःचं नाव लिहीत होता.

"हे काय चाललंय?"

"घर सोडताना न्यायला विसरलो तर?"