झऱ्यावरची पालखी

माझी जीभ लांब आहे, हे सासरी पहिल्याच वर्षी ठरलं. ठरू दे. मी तुडीलची, सावित्रीच्या काठावर वाढलेली. पावसाळ्यात नदी ओट्यावर चढायला लागली की तिथे ओरडावंच लागतं. हळू बोलणाऱ्याची भांडी वाहून जातात. लग्न होऊन आले ती नदीच्या पार दुसऱ्या टोकाला, पोलादपूरच्या डोंगरातल्या वाडीवर. इथून ओढा निघतो, खाली कापडे गावाकडे उतरतो, पुढे सावित्रीला मिळतो आणि माझ्या माहेरावरून खाडीला जातो. खाली पाणी घरात शिरायचं आणि वर पाण्याच्या मागे फिरायचं, असा माझा जन्म.

फाल्गुन लागला की इथे पहाटे दहिवराने पायवाट ओली असते आणि दुपारी त्याच वाटेवर पाय भाजतात. पांगारा फुलतो, करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या होतात. शिमग्याला आलेले चाकरमानी फोटो काढतात. काढोत बापडे. आम्ही बायका त्या दिवसांत एकच गोष्ट बघतो, झऱ्याची धार. काल मनगटाएवढी होती, आज अंगठ्याएवढी झाली का, एवढंच एकमेकींना विचारतो. नळयोजना आली, नाही असं नाही. पण नळाचं पाणी पाहुण्यासारखं, मनात आलं तर येतं. माणसांना आणि गुरांना खरा आधार झऱ्याचाच. त्याच्या डोक्यावर उंबर, जांभळं, करंज आणि रायवळ आंबे, अशी दाट राई आहे. जमीन आमच्याच घरची, सामाईक.

गेल्या शिमग्याला थोरले दीर मुंबईहून आले. ओट्यावर चहा पिता पिता म्हणाले, "वरची झाडं दिली मी. पालखी झाली की ठेकेदार माणसं लावणार हाय."

"कुठली वरची?" मला कळलं होतं, तरी विचारलं.

"झऱ्यावरची, आणि कुठली? घराचे वासे कुजलेत, ते बदलायचे हायत का नाय?"

"आणि पाणी?"

"पाणी जमिनीतून येतं गो, झाडातून नाय येत. आणि झाडांचं काय, परत फुटतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पलीकडच्या वाडीने असाच डोंगर तोडायला दिला होता. परत फुटतील म्हणूनच दिला होता. आता होळी पेटायच्या आत त्यांचा पाणवठा आटतो आणि त्यांच्या बाया कळशा घेऊन आमच्याकडे येतात. त्यांची माती पावसात ओढ्याला लागते आणि थेट माझ्या भावाच्या ओट्यावर जाते. दर वर्षी तो फोनवर म्हणतो, "ताई, तुमचा डोंगर आलाय गं आमच्याकडे, घेऊन जा." हसत म्हणतो, पण चिखल त्यालाच उपसावा लागतो. हे सगळं मी दिरांना सांगितलं. वासे काय, बांबूचे घालू, म्हटलं. ते म्हणाले, "तू चुलीजवळचं बघ."

आमचे हे ट्रकवर असतात. कशेडी घाटाच्या पायथ्याशी गाडी उभी करून त्यांनी फोन उचलला. म्हणाले, "दादा म्हणेल तसं होऊ दे. सणासुदीला घरात तमाशा नको." तमाशा नको म्हणे! तोंड धुवायला पाणी राहणार नाही आणि यांना तमाशाची काळजी. मी फोन ठेवला आणि रडले. रागाने रडले, दुःखाने नाही. गावकीच्या बैठकीत हा विषय मांडावा म्हटलं, तर तिथे बायकांना जागा नाही. सगळ्या जणी उंबरठ्याआड कान देऊन असतात, एवढंच.

आता आमच्याकडची एक रीत सांगते. शिमग्यात ग्रामदेवीची पालखी घरोघर फिरते. बाई अंगण सारवते, रांगोळी काढते, पाट मांडून दिवा लावते. असा मांडलेला पाट ओलांडून पालखी पुढे न्यायची नाही. मग घर श्रीमंताचं असो नाहीतर कोंबड्याच्या खुराड्याएवढं, आई तिथे टेकणारच. पाटावर टेकली की घरचा माणूस गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीकडे मोठ्याने मागणं मागतो, आणि जमलेला गाव प्रत्येक मागण्याला "होय म्हाराजा" म्हणतो.

आणि वरच्या घरांतून खालच्या घरांकडे येताना पालखीची वाट झऱ्यावरून जाते.

पालखीच्या दिवशी सकाळी मी शेणाची पाटी घेऊन झऱ्यावर गेले. शेजारच्या घरातल्या चुलत जाऊबाईने विचारलं, "इकडं कुठं गो सारवायला?" मी सांगितलं. तिने कपाळावर हात मारला, "मेलीस तू आता!" म्हणाली, आणि पदर खोचून माझ्याबरोबर दगड उचलायला लागली. उंबराखालची जागा आम्ही सपाट केली, सारवली, रांगोळी घातली. घरचा चांगला पाट आणून मांडला. नारळ ठेवला. ढोल जवळ आला तसा दिवा लावला आणि वारा लागू नये म्हणून त्याला आडोसा करून बसले. देवीची मस्करी केली म्हणून वाळीत टाकतील का, हेच डोक्यात.

पालखी आली. खांदेकरी नाचत होते, ते दिवा बघून थबकले. ढोल थांबला. मागून दीर पुढे आले.

"हे काय घर हाय? उचल तो पाट!"

"दिवा लावलाय, भावोजी. तुम्हीच उचला."

कोण उचलतो! लावलेल्या दिव्याला हात घालायची कुणाची छाती झाली नाही. सगळे गावच्या म्हाताऱ्या मानकऱ्याकडे बघायला लागले. त्याने उंबराकडे पाहिलं, पाटाकडे पाहिलं, खांदेकऱ्यांच्या घामाकडे पाहिलं.

"मांडलेला पाट हाय. ओलांडता येणार नाय," तो म्हणाला. "टेकवा रे."

पालखी टेकली. मी ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं. दीर हात जोडून गाऱ्हाण्याला पुढे सरकणार, तोच मी तोंड उघडलं. बाईने गाऱ्हाणं घातल्याचं आमच्या वाडीत कुणी ऐकलं नव्हतं. आवाज तुडीलचा होता.

"हे आई, मुंबईला गेलेल्या लेकरांना सुखी ठेव!"

मागून जाऊबाईचा एकटीचा आवाज आला, "होय म्हाराजा!" आणि एकदा सुरू झाल्यावर गाव थांबतो होय? जन्मभराची सवय.

"घाटात गाडी चालवणाऱ्याला सांभाळ!"

"होय म्हाराजा!"

"ज्याच्या घरात पाळणा नाय, त्याच्या घरात पाळणा हलू दे!"

"होय म्हाराजा!" आवाज चढत चालला. ढोलवाल्याने मध्येच टिपरू मारलं. दिरांचा आवाज तर सगळ्यांच्या वर, त्यांना पहिल्यापासून हौसच तशी.

"आमच्या गुरावासरांना पाणी दे!"

"होय म्हाराजा!"

"तुझ्या डोक्यावर ही जी सावली हाय, ती तुझी. हिला जो कुऱ्हाड लावील, मग तो माझा नवरा असो, दीर असो, परका असो, त्याचं तू बघ!"

"होय म्हाराजा!"

सगळा गाव म्हणाला. दीरही म्हणाले. डोळे मिटून, हात जोडून, घसा ताणून म्हणाले. डोळे उघडले तेव्हा तोंड तसंच उघडं राहिलं होतं. ढोल सुरू झाला, पालखी उचलली, लोक नाचत खाली गेले. आम्ही दोघंच उंबराखाली उभे.

"फसवलंस तू मला," ते म्हणाले.

"मी फक्त मागितलं, भावोजी. होय तुम्ही म्हणालात."

त्यांनी खिशातून फोन काढला, रेंज मिळेना म्हणून वरच्या दगडावर चढले, आणि माझ्याकडे पाठ करून ठेकेदाराला सांगितलं, "झाडं मिळायची नायत. आमची नायत ती."