टीव्हीवर फसलेली भुताची विहीर

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी दगा दिला होता, तेव्हाची गोष्ट. दादाला नव्या कचेरीत नोकरी लागली, पाठोपाठ लग्न झालं आणि देगलूरची पद्मावहिनी आमच्या घरात आली. मी तेव्हा अकरावीत होते.

वहिनीच्या माहेरी घरात तेलुगू बोलायचे, शाळा मराठीतली. तिचं वाचन माझ्या दुप्पट... पण बोलताना 'ती'चं 'तो' होऊन जायचं. "तो घागर कुठं ठेवू?" म्हणाली की गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. महिन्याभरात तिनं बाहेर बोलणंच सोडलं. टँकरच्या रांगेत मान खाली घालून उभी राहायची.

घरात मात्र भाकरी थापता थापता मला गोष्टी सांगायची. त्यातली एक जुनी, नावाजलेली भयकथा तिनं माहेरच्या वाचनालयात वाचली होती. ती मी भर दुपारी ऐकली, तरी नंतर एकटीनं न्हाणीत जायला पाय उचलेना...

आणि एक दिवस कळलं की तीच कथा टीव्हीवर येणार आहे!

गल्लीत टीव्ही एकच, बिराजदार काकूंकडे. काकांची आडत होती. काकू कपाळभर विभूती लावणाऱ्या, मनानं चांगल्या पण जिभेला धार. वहिनीला नावानं कधी हाक मारली नाही, 'देगलूरवाली' म्हणायच्या. त्या दिवशी वहिनी इतकी हरखली की रांगेत आपणहून बोलली, "काकू, लई भ्या वाटतंय बघा. सगळ्यांनी बघा."

संध्याकाळी अख्खी गल्ली काकूंच्या बैठकीत. वहिनी सगळ्यात पुढं.

आता मूळ कथेत भूत दिसतच नाही. एका माणसाच्या परसात आटलेली विहीर असते आणि तिचा रहाट वाजतो, एवढंच. टीव्हीवाल्यांनी काय करावं? धूर सोडला, ढोल बडवले, आणि पहिल्या पाच मिनिटांतच तोंडाला पीठ फासलेली बाई विहिरीतून वर काढली. तिचा केसांचा टोप तिरका झाला होता. आणि विहीर... काठोकाठ भरलेली!

"अगं बया, किती पाणी हाय!" कुणीतरी ओरडलं. "एवढं पाणी असल्यावर भूत बी ऱ्हाईना का तिथं!"

जो हशा पिकला तो थांबेचना. लेकरं त्या बाईसारखे हात करून नाचायला लागली. काकू डोळे पुसत म्हणाल्या, "देगलूरला असल्याला भेत्यात व्हय गं?"

वहिनी उठून घरी आली. चुलीकडं तोंड करून बसली. म्हणाली, "मीना, त्यांनी गोष्टीचा जीव काढला... आणि सगळे हसले मला." दुसऱ्या दिवशीपासून पाण्याला आईबरोबर मी जायला लागले. ती दादाजवळ माहेरी जायचं काढायला लागली, आणि ते चार दिवसांसाठी नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं.

मग एकदा आईला ताप आला. वहिनीनं आणि मी जाण्याशिवाय इलाज नव्हता. टँकरचा पत्ता नाही, ऊन मी म्हणतंय, बायका लिंबाखाली टेकलेल्या. वेळ जाईना म्हणून काकूंनीच छेडलं, "काय गं, ते पिठाचं भूत पुन्यांदा कव्हा येनार हाय?"

मला वाटलं, वहिनी आता रडणार. तिनं मान वर केली.

"तशी न्हाई ती गोष्ट! तशी न्हाईच हाय!"

आणि ती सांगायला लागली... "तो विहीर कोरडा होता. दोर न्हाई, बादली न्हाई. तरी रोज दिवस बुडताना रहाट वाजायचा." एक पोरगी 'तो विहीर'ला फिसकन हसली. काकूंनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "गप की गं! फुडं काय झालं, पद्मा?"

पद्मा! मी काकूंकडं बघतच राहिले.

वहिनीचा आवाज बारीक होत गेला तशा बायका पुढं सरकत गेल्या. गावातल्या सगळ्या विहिरी आटलेल्या. माणसाचा घसा सुकलेला. आणि एका सकाळी तो उठतो, तर घरातली रिकामी घागर गळ्यापर्यंत भरलेली... थंडगार पाणी. दार तर आतून बंद. तो पेला बुडवतो, ओठापर्यंत नेतो...

"संपली," वहिनी म्हणाली.

"प्याला का त्यानं?"

"ते लिहिलंच न्हाई, काकू."

समोर आमच्या गल्लीची आटलेली विहीर होती, सगळ्यांच्या नजरा तिकडं. काकू हळूच म्हणाल्या, "मी असते तर प्याले असते गं."

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला आणि दोघी-तिघी किंचाळल्याच! मग सगळ्या हसत सुटल्या, आणि त्यात वहिनीही होती. तिला इतकं मोठ्यानं हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दुसऱ्या दिवशी रांग लागायच्या आधीच काकूंची हाक आली, "पद्मा, आज कोंची सांगतीस?" तो उन्हाळा असाच सरला. माहेरी जायचा विषय वहिनीनं पुन्हा काढला नाही. आज ती दोन नातवंडांची आजी आहे आणि 'तो विहीर' अजून तसाच आहे...

चांगल्या कथांची टीव्हीवर माती झाली की लोक भरभरून चिडतात. मीही चिडते. पण त्या एका फसलेल्या कार्यक्रमाचे मात्र मी मनापासून आभार मानते. त्यांनी ती कथा नीट दाखवली असती, तर आमची वहिनी ती सांगायला उभीच राहिली नसती.