बॉनेटखालचं हळदी-कुंकू

मागच्या गुरुवारी परभणीत जुन्या गाड्या इकणाऱ्या एकाच्या ऑफिसात सकाळी दहालाच जाऊन बसलो... भाकरीचा डबा घेऊन. काम झाल्याबिगर उठायचंच न्हाई, असं ठरवून गेल्तो.

महिन्याखाली त्याच्याकडून कार घेतली. हौस म्हणून न्हाई. बायकोचे गुडघे गेलेत, एसटीची पायरी चढवत न्हाई. तिची थोरली बहीण सोनपेठला अंथरुणाला खिळलीय... हिला दर आठवड्याला तिच्याजवळ जायचं असतंय.

गाडीवाला म्हणला, "काका, मास्तरची गाडी हाय. शाळा ते घर, बास. मीटर बगा, पंचेचाळीस हजार." मी टायर बगितले, हॉर्न वाजवला, सही केली. बैल घेतानी दात मोजून घेणारा माणूस मी... पण बॉनेट उघडलं न्हाई.

घरी आणली तर बायको म्हणली, पूजा करू, नारळ फोडू. मी म्हणलं, कशाला थाट? लोखंडाचा डबा हाय. बस अन् चल.

चौथ्या दिवशी सोनपेठला जातानी गंगाखेडच्या पुढं दुसरा गिअर सटकायला लागला अन् गाडी उभीच राहिली. बायको कडंच्या दगडावर बसली. गुडघे चोळत सोनपेठच्या रस्त्याकडं बगत ऱ्हायली.

टेम्पोला बांधून गाडी घरी आणली. गावातला मेकॅनिक म्हणला, "दादा, गिअरबॉक्स पार झिजलाय. मास्तर काय टॅक्सी चालवत व्हता का?"

गाडीवाल्याला फोन केला, तर हसला. "काका, सेकंड हँडला कसली वॉरंटी? सही केली ना तुमी? 'जशी आहे तशी' लिहलंय खाली." बगितलं तर खरंच लिहलेलं... मुंगीएवढ्या अक्षरात. सातवी शिकलोय, वाचता येतंय. वाचलं न्हाई, ही चूक माझी.

गाडी आठ दिवस दारात. मग बायको म्हणली, "आता तरी पूजा करू द्या. तुमच्या घाईनंच बिघडली." वैतागून म्हणलं, कर बाई.

तर हिला इंजिनलाबी हळदी-कुंकू लावायचं, पोळ्याला बैलाला लावल्यागत. बॉनेट उघडून दिलं. फडक्यानं पुसता पुसता म्हणली, "अहो, हा कागद कसला चिकटलाय?"

ऑइल बदलल्याची चिठ्ठी. कुठल्या तरी गॅरेजवाल्यानं लावलेली... पेनानं लिहलेलं, एक लाख अठरा हजार किलोमीटर. अन् मीटर सांगतंय पंचेचाळीस! मीटर मागं फिरवलेलं.

त्या चिठ्ठीचा फोटो काढला, ग्राहक आयोगाला द्यायचा अर्ज माझ्या हातानं लिहला, अन् गुरुवारी गाडीवाल्याच्या ऑफिसात जाऊन बसलो.

"काका, चहा घ्या." म्हणलं, चहा न्हाई. मीटर कुणी फिरवलं?

"मला काय म्हाईत? आमीबी अशीच घेतली."

"मग मास्तरची हाय, पंचेचाळीस हजार फिरलीय, हे कुणाला इचारून सांगितलंस? जशी आहे तशी इकायची, तर जशी हाय तशी सांगायची व्हती."

तेवढ्यात दोन गिऱ्हाइकं आली. त्यांना फोटो दाखवला. ते गुमान चपला घालून निघाले... गाडीवाल्याचा चेहरा उतरला. "काका, जरा बाहेर बोलू." म्हणलं इथंच बोल. अन् त्याच्या टेबलावर डबा उघडला.

दुपारपर्यंत जमलं. गिअरबॉक्स त्यानं त्याच्या खर्चानं बदलायचा, इंजिन-गिअरबॉक्सची सहा महिने वॉरंटी लेटरहेडवर. ह्या बारीला चष्मा लावून, मोठ्यानं, ओळ न् ओळ वाचली. एका जागी लिहलेलं, "शक्यतो दुरुस्त करून देऊ." ते 'शक्यतो' खोडायला लावलं, तिथं सही घेतली. मगच उठलो. अर्ज अजून खिशात हाय... सहा महिने तिथंच ऱ्हाईल.

जुनी गाडी घेणारांनो, तोंडी बोललेलं कागदावर घ्या. बॉनेट उघडा. 'जशी आहे तशी' लिहलं म्हणून खोटं बोलायचा परवाना मिळत न्हाई कुणाला.

गिअरबॉक्स बदलून मिळाला, अन् काल सोनपेठला जाऊन आलो. दुसरा गिअर टाकला की ही माझ्याकडं बगायची... सटकला न्हाई. बहिणीचा हात धरून तीन तास बसली.

बायकोला थँक्यू म्हणायची आमच्यात रीत न्हाई. ती फेसबुक बगत न्हाई, म्हणून इथं लिहायलोय. सूनबाई वाचून दाखवणार, म्हाईत हाय... दाखवू दे.