दिवेलागणीनंतरचं नाव

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी वर्ध्याच्या कॉलेजात संस्कृत घेऊन एम.ए. करत होते. एका तासाला सरांनी फळ्यावर 'सेर्प' हा धातू लिहिला. या सगळ्या भाषांच्या मुळाशी असलेल्या, हजारो वर्षांपूर्वीच्या भाषेतला, अर्थ सरपटणं. त्यातून लॅटिनमध्ये सर्पेन्स झाला, ग्रीकमध्ये हेर्पेटॉन, संस्कृतात सर्प आणि आपल्याकडे साप. सर म्हणाले, ती मूळ भाषा बोलणाऱ्या लोकांना कदाचित त्याचं खरं नाव घ्यायची भीती वाटत असेल, म्हणून नुसतं 'सरपटणारा' म्हणून वेळ मारून नेली असेल.

शनिवारी एसटीनं देवळीजवळच्या आमच्या गावी गेले, ती हे सगळं बाबांना सांगायच्या घाईतच. आमच्याकडे दिवेलागणीनंतर तो शब्द कुणी उच्चारत नसे. जनावर म्हणायचं. माझा काका शेतात दंश होऊन वारला, तेव्हाही 'पान लागलं' एवढंच सगळे म्हणाले.

बाबा विकायला साठवलेला कापूस खोलीत तुडवून बसवत होते. मांडीएवढ्या कापसात उभे. मी दारात कंदील धरून होते आणि माझी टकळी चालू होती. मी तो शब्द उच्चारला तसे ते थबकले. दिवे लागले आहेत, आता नाव नको घेऊ, म्हणाले. मला हसू आलं. चार बुकं शिकलं की येतं तसलं.

तेवढ्यात त्यांच्या मागचा कापूस हलला. पांढऱ्यातून काळं डोकं वर आलं आणि फणा काढून थांबलं. बाबांचं तोंड माझ्याकडे, पाठ त्याच्याकडे. चार भाषांतला तो शब्द मला पाठ होता, त्यातला एकही तोंडातून निघेना. उच्चारला तर ते बाबांना चावेल असं वाटलं. खरंच वाटलं.

"बाबा, हालू नका," एवढंच कसंबसं बोलले.

काय आहे ते बाबांनी विचारलं नाही. डोळे मिटून घेतले. ते त्यांच्या मांडीला घासून गेलं आणि पुन्हा कापसातच शिरलं. किती वेळ गेला देव जाणे.

बाबांनी बाहेर येऊन खोलीला कडी घातली. आम्ही अंगणात बसलो. कापूस विकला जाईपर्यंत ते आतच राहणार होतं आणि भिंतीच्या अलीकडे आम्ही झोपणार होतो. बाबांनी विचारलं, "तुह्या सरायनं सांगतलं थे जुने लोक, त्यायलेबी भेव वाटे?"

मी हो म्हटलं.

"मंग थे आपलेच होते," बाबा म्हणाले आणि उठून त्यांनी कडी पुन्हा एकदा ओढून पाहिली.